विषय : शॅमेलियन (रंग बदलणारा सरडा) पिल्लू-संचातील यूव्हीबी दिवा आणि त्याखालचे झाकण. शेवटची लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

वेंगुर्ले, २९ जुलै

महोदय,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचे असते ते मला ठाऊक आहे. आज ते लिहीत नाही. पंधरा मिनिटांपूर्वी तुमच्या हेल्पलाइनवरचा चौथा फोन ठेवला आणि तसाच कागद पुढे ओढला.

तुमचा संच कसा आहे हे तुम्हाला सांगायला नको. काचेची टाकी, तिच्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचे झाकण, झाकणावर बसणारी टोपी, टोपीत गुंडाळीचा 'यूव्हीबी' दिवा आणि शेजारी शंभर वॉटचा गरम बल्ब. पुस्तिकेच्या सहाव्या पानावर चित्र आहे : वर दिवा, मध्ये झाकण, खाली पिल्लू. ८ मे रोजी मी सगळे त्या चित्राबरहुकूम मांडले. संचाचे ८,४५० रुपये मोजले होते.

यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात ते अतिनील किरण, साध्या काचेतून जात नाहीत. साध्या ॲक्रिलिकमधूनही जवळजवळ जात नाहीत. मला हे माहीत नव्हते. तुम्हाला माहीत असायला हवे होते, कारण दिवाही तुमचा आणि झाकणही तुमचे. मग दोघांना एकावर एक बसवून, त्याखाली शॅमेलियनचे पिल्लू ठेवायला लोकांना कोणी सांगितले?

पिल्लाचे नाव पानू. व्हेल्ड जातीचा नर, पायाच्या टाचेवर काटा आहे म्हणून नर. त्याची जात मूळची येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियाची, पण तो स्वतः जन्मला पिंजऱ्यात, इथेच. माझ्या धाकट्या भावाने पुण्यात रीतसर कागद करून घेतला होता. एप्रिलअखेर भावाला नोकरीसाठी मस्कतला जावे लागले, म्हणून पानू माझ्याकडे आला. ताबा बदलल्याची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवर केलेली आहे, पावती सोबत जोडली आहे. हे आधीच लिहिते, कारण दुसऱ्या फोनवर तुमच्या माणसाने पहिला प्रश्न 'जंगलातून पकडलाय का?' असा केला होता.

आमच्याकडे आला तेव्हा पानू तीन महिन्यांचा होता. फांदीवर झुलत चालायचा, रातकिडा दिसला की दोन्ही डोळे एकदम पुढे वळायचे आणि अंगापेक्षा लांब जीभ सुटायची. माझ्या सासूबाई एरवी सरड्याला घरात घेऊ देणार नाहीत, पण त्यासुद्धा स्टूल घेऊन समोर बसायच्या. मे महिन्यात त्या मला रोज सांगत होत्या, "गो, तेका वायच उन्हात ने." आमच्या अंगणात तेव्हा सकाळचे लख्ख ऊन होते, जास्वंदीची सावलीही होती. मी नेले नाही. तुमच्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर ठळक अक्षरांत छापले आहे, 'या संचात बाहेरच्या उन्हाची गरज नाही'. मी सासूबाईंना ते वाक्य वाचून दाखवले आणि गप्प केले. त्याचे मला आज फार वाईट वाटते.

मेअखेर त्याची जीभ लांब जाईना. किडा दोन बोटांवर असला तरी नेम चुकायचा. २ जूनला पहिला फोन केला. 'नवीन जागा आहे, रुळेल.' पुढच्या आठवड्यात तो फांदीवरून उतरून तळाशी बसू लागला. दिवसाढवळ्या डोळे मिटून. शॅमेलियन दिवसा डोळे मिटून बसला की तो झोपलेला नसतो, आजारी असतो. हे वाक्य तुमच्या पुस्तिकेत असते तर मी त्याच दिवशी गाडी काढली असती. १५ जूनला दुसरा फोन. 'पाणी कमी पडत असेल, वाटी भरलेली ठेवा.' वाटी भरलेलीच होती. पानूने त्या वाटीकडे एकदाही पाहिले नाही. हे प्राणी पानावरून ओघळणारे थेंब चाटतात, साचलेले पाणी त्यांना सहसा पाणी म्हणून कळत नाही. त्याचे डोळे आत गेले होते आणि विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी झाला होता. त्याला तहान लागली होती, आणि तुम्ही मला वाटी भरायला सांगत होता.

२४ जूनला पावसात गोव्याला नेला. सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार करणारे डॉक्टर आम्हाला तिथेच मिळाले. वजन ११ ग्रॅम. डॉक्टरांनी बोटाने खालचा जबडा हलकेच दाबला तर तो रबरासारखा आत गेला. एक्स-रेमध्ये हाडे इतकी पुसट की मला आधी फोटो नीट निघाला नाही असेच वाटले. पुढचा उजवा पाय वाकलेला. रोगाचे नाव मेटाबॉलिक बोन डिसीज. यूव्हीबी मिळाले नाही की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसले की खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. वाढत्या पिल्लात हे काही आठवड्यांत होते.

तुमचा संच मी सोबत नेला होता. डॉक्टरांकडे किरण मोजायचे यंत्र आहे. झाकणाखाली, फांदीच्या उंचीवर, यूव्ही इंडेक्सचा आकडा आला शून्य. शून्य पूर्णांक शून्य. झाकण काढून मोजले तर ०.७. फांदीवर हवा तीनच्या आसपास. म्हणजे झाकण नसते तरी तुमचा दिवा अपुराच होता, आणि झाकणासकट तो नुसता उजेड पाडणारा बल्ब होता. दुसऱ्या दिवशी यंत्राचा फोटो, एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्या ईमेलवर पाठवली. आजपर्यंत उत्तर नाही.

६ जुलैच्या फोनवर 'वरच्या टीमला कळवतो' एवढेच ऐकायला मिळाले. आता आजच्या फोनचे लिहिते. एकही शब्द गाळत नाही. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ताडून पाहा.

बावीस मिनिटे गाणे ऐकवल्यावर एक मुलगा आला. मी पहिल्यापासून सगळे सांगितले. तो म्हणाला, "मॅडम, दिवा लागतो ना?"

मी म्हटले, लागतो.

"मग प्रॉडक्ट चालू आहे, मॅडम."

मी म्हटले, दिवा लागतो, पण त्यातून जे मिळायला हवे ते पिल्लापर्यंत पोचत नाही, तुमचे झाकण ते अडवते. तो म्हणाला, "झाकण काढू नका मॅडम, वॉरंटी जाईल."

मी परत सांगितले. झाकणामुळेच पिल्लाची हाडे मऊ झाली आहेत, पाय वाकला आहे. तो थांबला, कुठेतरी काहीतरी वाचल्यासारखा आवाज आला आणि म्हणाला, "मग रोज अर्धा तास उन्हात ठेवा. नॅचरल सनलाइट इज बेस्ट, मॅडम."

मी त्याला म्हटले, बाळा, मी कोकणात राहते. जुलै आहे. अकरा दिवस आमच्याकडे ऊन पडलेले नाही. कपडे चुलीवर वाळवतोय. ऊन असते तर मी दिवा कशाला विकत घेतला असता?

त्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडे जंगल असेल ना मॅडम? मग झाडावर सोडून द्या. तिकडे जगेल तो."

मला काही क्षण बोलता आले नाही. हातात अकरा ग्रॅमचे पिल्लू, त्याला धड फांदी पकडता येत नाही, आणि ज्यांच्या दिव्यामुळे ही अवस्था झाली ते म्हणतात, झाडावर सोडून द्या. परदेशी जातीचा, पिंजऱ्यात वाढलेला प्राणी आमच्या रानात सोडणे चूक आहे, हे तुम्हाला खरेच माहीत नाही का? या देशाचा स्वतःचा शॅमेलियन आहे, ज्याला आपण घोयरा म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. बाहेरचा आजारी जीव त्याच्या शेजारी नेऊन सोडायचा? शॅमेलियनसाठी सामान विकणारी कंपनी ग्राहकाला हे सांगते?

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवलाय तो त्याने वाचला. राग तो कागद लिहिणाऱ्यावर आहे. आणि ज्याने झाकण दिव्याखाली बसवले त्याच्यावर आहे.

गरम बल्बचेही ऐका. पिल्लाला ऊब घेण्याच्या जागी २७ ते २९ अंश पुरतात. तुमचा शंभर वॉटचा बल्ब आमच्या मे महिन्यात, झाकण लावलेल्या टाकीत, फांदीवर ३९ अंश दाखवत होता. पानू फिका पडून तोंड उघडून बसायचा. पुस्तिका म्हणते 'बल्ब दिवसभर चालू ठेवा' आणि त्याच पानावर 'दर दोन तासांनी फवारा मारा'. सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, चपलांवर बुरशी धरते. अशा हवेत बंद टाकीत दर दोन तासांनी फवारा मारला तर पिल्लाच्या फुप्फुसात कफ होईल, हे कोकणातल्या कोणालाही कळेल. तुम्ही देशभर एकच पुस्तिका विकता. किनारपट्टीसाठी दोन ओळी वेगळ्या छापता आल्या नसत्या का?

आता तो कसा राहतो तेही सांगते, म्हणजे संच बदलताना तुम्हाला उपयोग होईल. गावच्या सुताराने लाकडी चौकटीला चारी बाजूंनी जाळी मारून उभा पिंजरा करून दिला. पुण्याहून लांब टी-फाइव्ह यूव्हीबी नळी मागवली, ती वरच्या फांदीपासून वीतभर उंचीवर, मध्ये काच नाही की ॲक्रिलिक नाही, रोज बारा तास. आत कुंडीतली जास्वंद आणि मनी प्लांट. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला. सकाळी अर्धा तास त्यातून थेंब थेंब पाणी जास्वंदीच्या पानांवर पडते आणि पानू ते चाटतो. फवारा फक्त पहाटे, मग छोटा पंखा लावून पाने सुकवून घ्यायची. रातकिड्यांना आधी गाजर आणि शेवग्याचा पाला खाऊ घालायचा, मग साधे कॅल्शियम चोळायचे. तुमच्या डबीतली ड-३ घातलेली पावडर 'रोज वापरा' असे लेबल सांगते. डॉक्टरांनी ती महिन्यातून दोनदाच द्यायला सांगितली, कारण ड जीवनसत्त्व अति झाले तर तेही घातक. औषधाचे कॅल्शियम तोंडातून, थेंबाथेंबाने, अजून सुरू आहे. ते पाजताना सासूबाई त्याला धरतात. दुसऱ्या कोणाच्या हातात तो इतका शांत राहत नाही.

पाय सरळ होणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. जबडा घट्ट होत आहे.

माझ्या मागण्या. संचाचे ८,४५० रुपये परत. डॉक्टर, एक्स-रे, औषधे आणि गोव्याच्या तीन खेपा मिळून ११,२०० रुपये, बिले जोडली आहेत. नव्या मांडणीचा खर्च मी मागत नाही, तो मी पानूसाठी केला. तिसरी मागणी पैशांची नाही आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसणार आहे : झाकण दिव्याखाली बसवलेला हा संच बाजारातून मागे घ्या आणि ज्यांनी घेतला आहे त्या प्रत्येकाला आजच फोन करून झाकण काढायला सांगा. तुमच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत. जाहिरातीचे मेसेज पाठवताना ते बरोबर सापडतात.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्यात निवारण करायचे असते. माझी ईमेल २५ जूनची आहे. महिना उलटून गेला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो, म्हणजे तुमच्या वकिलाला ओरोसला, आमच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे, यावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी आजच नोंद केली आहे. 'बाहेरच्या उन्हाची गरज नाही' हे वाक्य दिशाभूल करणारे आहे, त्याची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी करणार आहे. पंधरा दिवस थांबते. त्यानंतर फोन करू नका, मी उचलणार नाही.

मला हे लिहावे लागेल असे वाटले नव्हते. आमच्या घरातल्या माशांच्या टाकीचा फिल्टर तुमचाच आहे, सहा वर्षे झाली, एकदाही बंद पडला नाही. भावाने दुसऱ्या कंपनीचे नाव सुचवले होते. मीच म्हटले, यांचेच घेऊ, विश्वासाचे आहेत. भाऊ रोज मस्कतहून व्हिडिओ कॉल करतो आणि आधी पानूला दाखव म्हणतो. मी अजून त्याला वाकलेला पाय जवळून दाखवलेला नाही.

आपली ग्राहक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

ता. क. संच परत न्यायला माणूस पाठवतो, असे आजच्या फोनवर शेवटी सांगण्यात आले. टाकी, बल्ब, वाटी खुशाल न्या. दिवा आणि झाकण मिळणार नाही. दोन्ही कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहे, आयोगापुढे यंत्र लावून मोजायला.