'शरद कुटुंब-संचा'त आमसुलीच्या जागी राणी रंग पाठवल्याबद्दल तक्रार

दिनांक : २४ ऑक्टोबर २०२५
सॉमरसेट काउंटी, न्यू जर्सी

प्रति,
व्यवस्थापक व तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : सहा जणांच्या कपड्यांच्या 'शरद कुटुंब-संचा'तील चुकीचा रंग, विलंब, सीमाशुल्क आणि ग्राहक सेवा विभागाची उत्तरे.

महोदय,

काल मध्यरात्रीनंतर बारा वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे तुमच्याकडच्या सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, तुमच्या ग्राहक सेवा विभागाशी माझे पाचव्यांदा आणि माझ्यापुरते शेवटचे बोलणे झाले. ते चौतीस मिनिटे चालले. त्यानंतर झोप लागणे शक्य नव्हते, म्हणून हे पत्र रात्रीच लिहून काढले आणि शब्द जरा निवळावेत म्हणून दिवसभर तसेच ठेवले. ते फारसे निवळलेले नाहीत, हे आधीच सांगते.

शरद कुटुंब-संचात काय काय येते हे तुम्हाला सांगण्याचे कारण नाही. तो तुम्हीच बेतला आहे आणि जाहिरातीत लालपिवळ्या झाडांखाली हसत उभे असलेले कुटुंबही तुम्हीच उभे केले आहे. मी २ सप्टेंबरला सहा जणांचा संच आमसुली, मोहरी, मोरपंखी आणि मोतिया या चार रंगांत मागवला. त्याचे २६,८५० रुपये माझ्या सासऱ्यांच्या पुण्यातील बँकेच्या कार्डावरून त्याच दिवशी भरले. ६ ऑक्टोबरपर्यंत माल घरपोच मिळेल असे तुम्ही लेखी कळवले होते. तो २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, दारात आला आणि सोबत १७६ डॉलरची सीमाशुल्काची मागणी घेऊन आला. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत मिळणारी सूट २९ ऑगस्टपासून बंद झाली, ही बातमी इथे आणि तिथे सगळ्यांनी वाचली होती. तरीही २ सप्टेंबरला तुमच्या संकेतस्थळावर 'सर्व करांसह किंमत' असेच लिहिलेले होते. त्या पानाचे चित्र मी जपून ठेवले आहे. पैसे भरले, कारण पार्सल परत पाठवले असते तर ज्या कौटुंबिक फोटोसाठी कपडे मागवले होते, तो फोटोच हुकला असता. ते भरले नसते तर बरे झाले असते, हे पेटी उघडल्यावर कळले.

हे रंग मी सहज, हौसेखातर निवडले नव्हते. माझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी इथे आले आहेत आणि १ नोव्हेंबरच्या विमानाने परत जाणार आहेत. याआधी ते दोनदा आले, पण दोन्ही वेळा उन्हाळ्यातच आल्यामुळे पानांचा रंग पालटताना त्यांनी कधी पाहिला नव्हता. आमच्या भागात मेपल आणि ओक खऱ्या अर्थाने रंगतात ते ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत, आणि एका रात्रीच्या वाऱ्यापावसाने झाडे उघडी पडू शकतात. म्हणून छायाचित्रकार बाईंची वेळ मी ऑगस्टमध्येच घेऊन ठेवली होती : शनिवार, २५ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच वीस, एकूण पंचवीस मिनिटे. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्याआधीच्या तिरप्या उन्हातच पाने पेटल्यासारखी दिसतात. ही वेळ पुढे ढकलता येत नाही, कारण सूर्य आणि विमान कंपनी, दोघेही माझे ऐकत नाहीत.

त्या बाईंनी पाठवलेल्या सूचना मी तुमच्या पहिल्याच प्रतिनिधीला शब्दशः वाचून दाखवल्या होत्या. सगळ्यांनी एकच रंग घालू नये, तीन-चार रंग एकमेकांशी बोलतील असे घ्यावेत. मागची झाडे पिवळी-नारिंगी असल्याने आपणही पिवळे-नारिंगी होऊन त्यांत विरून जाऊ नये. बारीक चौकडीचे कापड टाळावे, कारण कॅमेऱ्यात त्यावर लाटा उमटल्यासारखे दिसते. चकाकणारे साटीन नको, दुधासारखे पांढरे नको. आणि भडक गुलाबी, भडक हिरवा अजिबात नको, कारण उन्हात त्या रंगाची झाक थेट हनुवटीवर पडते आणि ती नंतर काढता काढता नाकी नऊ येतात.

शेवटचे वाक्य कृपया लक्षात असू द्यावे.

आमच्या फोटोतले सगळे रंग एका साडीवरून ठरले. सासूबाईंच्या लग्नातली आमसुली इरकल, लाल-पांढऱ्या पदराची, अजून तिचा काठ सुटलेला नाही. त्या ती नेसणार हे जून महिन्यातच ठरले होते आणि बाकीच्या पाच जणांनी तिच्या बाजूला शोभावे एवढाच आमचा प्रश्न होता. सासऱ्यांना मोतिया झब्बा, नवऱ्याला मोरपंखी झब्बा आणि त्यावर आमसुली खणाचे जाकीट, मुलालाही तसेच जाकीट, मुलीला मोहरी परकर आणि आमसुली खणाचे पोलके, मला मोरपंखी साडीवर आमसुली खणाचा ब्लाउज आणि सासूबाईंना थंडीसाठी काठाला आमसुली पट्टी असलेली मोतिया शाल. संध्याकाळी इथे दहा-बारा अंश तापमान असते, त्यामुळे सगळ्यांच्या बाह्या लांब आणि मुलांच्या कपड्यांना आतून अस्तर हवे, हेही मागणीत लिहिले होते. साडीचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो पाठवला, आणि तुमच्याच प्रतिनिधीच्या सांगण्यावरून तिच्या दशीतला एक धागा लिफाफ्यात घालून पुण्याला धाडला. तो धागा मिळाल्याचा तुमचा संदेश माझ्याकडे आहे. सासूबाईंनी तो कात्रीने न कापता नखाने सोडवून काढला होता. आता तो कुठे आहे, हे कळले तर त्यांना बरे वाटेल.

पेटीतून काय निघाले ते सांगते. खणाचे प्रत्येक कापड, म्हणजे दोन्ही जाकिटे, पोलके, ब्लाउज आणि शालीची पट्टी, राणी रंगाचे आहे. आमसुलीकडे झुकणारा राणी नव्हे, गडद राणीही नव्हे. लग्नाच्या मांडवाला जी कापडी झालर लावतात, तिचा राणी. शंका नको म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी पोलके आणि इरकल शेजारी शेजारी धरली. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिले आणि "हे कुणाचं आलं?" एवढेच विचारले. नंतर मुलीला पोलके घालून ओसरीत उन्हात उभी केली आणि मोबाइलवर फोटो काढला, तर तिच्या हनुवटीखाली आणि कानाच्या पाळीवर गुलाबी झाक आली होती. चार वर्षांच्या मुलीला कुणी रंग लावून पाठवली आहे असे वाटावे, इतकी. शिवाय मुलाच्या जाकिटाची उजवी बाजू डावीपेक्षा एक छटा फिकी आहे, म्हणजे एकाच जाकिटात दोन लॉटचे कापड वापरले आहे. अस्तर कोणत्याच कपड्याला नाही.

पहिल्या चार फोनांमध्ये मला जी उत्तरे मिळाली त्यांवर मी वेळ घालवत नाही. मोबाइलच्या पडद्यावर रंग वेगळा दिसतो, असे एकदा सांगितले गेले. खण धूपछाँव असतो, त्यामुळे रंग बदलतो, असे दुसऱ्यांदा सांगितले गेले. खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, हे मला ठाऊक आहे. काळ्यावर लाल विणले की आमसुलीची झाक येते, हेही ठाऊक आहे. तुम्ही पाठवलेल्या कापडाच्या कडेचे धागे मी उसवून पाहिले. उभा धागा राणी, आडवाही राणी. यात धूप किती आणि छाँव किती, ते तुमच्या खरेदी विभागाने सांगावे.

पण कालचा फोन मात्र जसाच्या तसा लिहिणे भाग आहे, कारण तुमच्या कंपनीत तो कुणी ऐकला असेल असे मला वाटत नाही.

सुरुवातीलाच मला विचारण्यात आले, "मॅडम, आमसुली म्हणजे लाइट ग्रीन ना?" मी म्हटले, नाही, आमसूल, आपण आमटीत घालतो ते. त्यावर उत्तर आले, "आमच्याकडे चिंच घालतात, मॅडम." मी थोडा वेळ गप्प राहिले. चिंच घालणाऱ्या घरांविषयी माझ्या मनात कोणतीही अढी नाही, माझे माहेर त्यांतलेच आहे. मग आमसुलाचा रंग कसा असतो ते मी सांगितले : काळपट, जांभळट, लाल. पलीकडे बराच वेळ कळफलकाचा आवाज आला आणि नंतर सांगण्यात आले की "सिस्टीममध्ये आमसुली आणि राणी दोन्ही पिंक फॅमिलीत येतात", त्यामुळे एकाऐवजी दुसरे पाठवणे ही चूक धरली जात नाही, तो "पर्याय" धरला जातो.

मी पुन्हा सगळे सांगितले. साडी, पाने, छायाचित्रकार, शनिवार, विमान. तेव्हा मला विचारले गेले, "पण मॅडम, पानगळीत कशाला फोटो काढताय? वसंतात काढा ना, छान फुलं असतात." ज्या कंपनीने या संचाच्या नावातच 'शरद' घातले आहे आणि जाहिरातीत पानगळीचाच देखावा लावला आहे, तिची प्रतिनिधी मला हे विचारत होती. सासू-सासरे वसंतात इथे नसतील, असे मी सांगितले. दोघांची वये अठ्ठ्याहत्तर आणि त्र्याऐंशी आहेत, हेही सांगितले, जे खरे तर सांगायची मला इच्छा नव्हती.

यावर क्षणभर थांबून, अतिशय आपुलकीने, तोडगा सुचवण्यात आला : "मग मॅडम, फोटो ब्लॅक अँड व्हाइट काढा. रंगाचा फरकच दिसणार नाही."

महोदय, हे वाक्य मी दोनदा म्हणवून घेतले. दोन्ही वेळा ते तितक्याच आपुलकीने म्हटले गेले. आठ महिने साठवलेली रजा, सासऱ्यांचे सव्वीस हजार आठशे पन्नास रुपये, दहा हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास करून आलेली दोन माणसे, वर्षातून जेमतेम दोन आठवडे पेटणारी झाडे, आणि हे सगळे काळ्या-पांढऱ्यात. पानांतला पिवळा मुळातच असतो आणि हिरवा ओसरला की दिसतो, पण मेपलचा लाल त्या थोड्या दिवसांतच नव्याने तयार होतो, असे मी मुलाला याच आठवड्यात समजावले होते. तुमच्या तोडग्याप्रमाणे तो राखाडी दिसला असता. कपडे मात्र एकमेकांना अगदी शोभून दिसले असते, हे मान्य.

बोलणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही आणि तिच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये अशी माझी स्पष्ट विनंती आहे. तिला आमसुली रंग कधी कुणी दाखवलाच नसेल. तो दाखवणे तुमचे काम होते. २०१९ पासून मी तुमच्याकडून खरेदी करते ती या एकाच कारणासाठी, की तुम्ही रंगांना त्यांच्या नावांनी हाक मारता : आमसुली, चिंतामणी, अंजिरी, अबोली, विटकरी. बाकी दुकानांत 'वाइन' आणि 'रस्ट' मिळते. आता कळते आहे की ती नावे फक्त संकेतस्थळावर आहेत आणि गोदामात सगळेच 'पिंक फॅमिली' आहे. मला सर्वांत जास्त वाईट याचेच वाटते, सीमाशुल्काचे नव्हे. सीमाशुल्काचेही वाटते.

आता नियमांचे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे. माझी पहिली लेखी तक्रार २१ ऑक्टोबरच्या रात्रीची आहे आणि तिची पोच आजपर्यंत आलेली नाही. जाहिरातीतल्याप्रमाणे नसलेला किंवा उशिरा आलेला माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असेही त्याच नियमांत आहे. 'उत्सवी विक्रीतील माल परत घेतला जात नाही' हे तुमच्या पावतीवरचे वाक्य त्यापुढे कितपत टिकते, ते तुमच्या वकिलांना विचारावे. मी परदेशात राहते म्हणून हे प्रकरण आपोआप विरून जाईल असा तुमचा समज असेल, तर कृपया नोंद घ्यावी की पैसे माझ्या सासऱ्यांनी भरले आहेत, ते कोथरूडला राहतात, २ नोव्हेंबरला घरी पोहोचतील, आणि निवृत्तीपूर्वी तेहतीस वर्षे जिल्हा न्यायालयात नोकरीला होते. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, ही माहिती त्यांनीच मला काल न्याहारीच्या वेळी, जरा उत्साहाने, दिली.

माझी मागणी अशी आहे : २६,८५० रुपये त्याच कार्डावर परत करावेत, सीमाशुल्काचे १७६ डॉलर वेगळे द्यावेत, माल तुमच्या खर्चाने इथून उचलावा आणि सासूबाईंच्या साडीचा धागा परत पाठवावा. बदली माल नको. तो येईपर्यंत झाडांवर पान उरणार नाही.

एक गोष्ट राहिली. आज सकाळी तुमचा संदेश आला की आमच्या कुटुंबाचा 'शरद-फोटो' पाठवल्यास पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळेल. आत्ता पलंगावर उद्याचे कपडे काढून ठेवले आहेत : नवऱ्याचा ऑफिसचा निळा स्वेटर, मुलाचा शाळेतला तपकिरी सदरा, मुलीचा गेल्या वर्षीचा मोहरी फ्रॉक, जो गुडघ्याच्या बराच वर येतो म्हणून खाली लांब मोजे, सासऱ्यांचा त्यांनी स्वतः इस्त्री केलेला मोतिया झब्बा, जो तुमच्या संचातला एकमेव बिनचूक पोशाख आहे, आणि मधोमध इरकल. फोटो आला की तुम्हाला जरूर पाठवीन, रंगीत. सूट नको.

आपली,
२०१९ पासूनची ग्राहक

सोबत : मागणीची पावती, २ सप्टेंबरच्या किंमत-पानाचे चित्र, सीमाशुल्काची पावती, धागा मिळाल्याचा संदेश, इरकल आणि पोलके खिडकीशी शेजारी धरून काढलेला फोटो.