विषय : ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर सांगत असलेली खोटी लेटन्सी, आणि ‘थोडे आधी वाजवा’ हा आपल्या ग्राहक सेवेचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले शेवटचे संभाषण ज्या वाक्यावर संपले, ते ऐकल्यानंतर दूरध्वनीवर आणखी काही बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गिटार संगणकाला जोडणारे हे उपकरण, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, कोणते आणि त्यात काय काय आहे हे सांगत बसत नाही, कारण ते आपणच बनवता. खरेदीची पावती, अनुक्रमांक आणि आपण परस्पर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केलेल्या तक्रारीचा क्रमांक सोबत जोडला आहे.

तक्रार एकच आहे : आपला नवा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर, जेवढी लेटन्सी (आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा विलंब) सांगतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त लेटन्सी प्रत्यक्षात येते.

मी ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल) घेऊन, आणि १२८ सॅम्पलच्या बफरवर, म्हणजे तेवढे सॅम्पल साठले की एकदम पुढे धाडून, रेकॉर्डिंग करतो. या हिशेबाने एका बाजूचा बफर २.७ मिलिसेकंदांचा, म्हणजे आवाज आत येऊन बाहेर जाईपर्यंत दोन्ही मिळून ५.३ मिलिसेकंद होतात. त्यात आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचा थोडा वेळ मिळवून आपला एएसआयओ (कमी विलंबासाठीच्या पद्धतीचा) ड्रायव्हर ७ मिलिसेकंदांचा आकडा दाखवतो, आणि तो दिसायला मोठा देखणा आहे. उपकरणाचे आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडून, एक ‘टक्’ असा आवाज बाहेर सोडून तो परत रेकॉर्ड केला, तेव्हा तो १,२९६ सॅम्पल उशिरा पोहोचला. म्हणजे २७ मिलिसेकंद. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो हे धरले, तर गिटार माझ्या मांडीवर आणि अॅम्प्लिफायर नऊ मीटर लांब, अंगणाच्या पलीकडे ठेवून वाजवावे, तसे हेडफोनमध्ये ऐकू येते.

हा दोष माझ्या संगणकाचा नाही. वाय-फाय बंद करून, वीजबचत बंद करून, हब न वापरता थेट संगणकाच्या यूएसबी पोर्टला जोडून आणि तारेचेच हेडफोन लावून मी ही मापे घेतली आहेत. त्याच संगणकावर, त्याच केबलने, एका मित्राचा दुसऱ्या कंपनीचा इंटरफेस लावला तर १२८ च्याच बफरवर १० मिलिसेकंदांच्या आत काम होते. शिवाय, आपल्या उपकरणाचा बफर २५६ केला की विलंब बरोबर ५.३ मिलिसेकंदांनी वाढतो आणि ६४ केला की २.७ मिलिसेकंदांनी कमी होतो. उरलेले २० मिलिसेकंद मात्र कोणत्याही बफरवर जागचे हलत नाहीत. याचा अर्थ ड्रायव्हरच्या पोटात आणखी एक बफर दडवलेला आहे, जो सेटिंग्जमध्ये दिसत नाही, बदलता येत नाही आणि सांगितलेल्या आकड्यात धरलेलाही नाही. जुन्या ड्रायव्हरमध्ये तो नव्हता. आपल्याच अपडेटने जुना ड्रायव्हर काढून टाकला, आणि आता तो आपल्या संकेतस्थळावरूनही नाहीसा झाला आहे.

नुसता विलंब असता तर एक वेळ निभावले असते, पण आकडा खोटा असल्यामुळे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअरही फसते. ड्रायव्हर ७ म्हणाला की ते नवा ट्रॅक ७ मिलिसेकंद आधी आणून जागेवर बसवते, आणि उरलेला २० मिलिसेकंदांचा, म्हणजे ९६० सॅम्पलचा उशीर प्रत्येक ट्रॅकमध्ये तसाच राहतो. माझे काम चतुर्थीच्या घुमट आरत्यांवर, म्हणजे घुमट या मातीच्या, चामडे मढवलेल्या तालवाद्याच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांवर, गिटारची साथ रेकॉर्ड करण्याचे आहे. घुमटाचा आघात इतका स्पष्ट असतो की त्यावर २० मिलिसेकंद मागे पडलेली गिटार लगेच कानाला टोचते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की वाजवणाऱ्याचीच लय कच्ची आहे. डिचोलीत घुमटावर कान तयार झालेली माणसे घरोघर आहेत. त्यांच्यापुढे माझी अब्रू आपल्या ड्रायव्हरने घालवावी, हे मला मान्य नाही.

आता त्या संभाषणाकडे येतो. वरील सर्व मापे मी आपल्या प्रतिनिधीला सावकाश वाचून दाखवली. त्यांनी संगणक बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले; केला. त्यांनी गिटारच्या तारा बदलून बघायला सांगितले. तार जुनी झाली की आवाज मंद होतो, उशिरा येत नाही, असे मी नम्रपणे म्हटले. त्यावर, ‘गोव्याची हवा दमट असते ना सर, त्यामुळे असू शकेल,’ असे उत्तर मिळाले. दमट हवेत आवाज कोरड्या हवेपेक्षा किंचित अधिक वेगाने जातो, आणि माझा आवाज तर हवेतून नव्हे, केबलमधून जात होता. पण ही माहिती त्यांच्यापुढच्या कागदावर नसावी. मग त्यांनी बफर १०२४ करायला सांगितला. लेटन्सीची तक्रार करणाऱ्याला बफर वाढवायला सांगणे म्हणजे काय, हे आपल्या कंपनीतल्या कोणत्याही अभियंत्याला विचारा. तरीही त्यांच्या समाधानासाठी मी तो वाढवला आणि विलंब ६४ मिलिसेकंदांच्या पुढे गेल्याचे त्यांना कळवले. पलीकडे बराच वेळ शांतता होती, कोणाशी तरी कुजबूज झाली, आणि मग अतिशय गोड आवाजात ते म्हणाले, ‘सर, मग तुम्ही थोडं आधी वाजवून बघा ना.’

मी विचारले, किती आधी? ते म्हणाले, ‘तुम्हीच अंदाज घ्या सर, प्रॅक्टिसने जमेल.’ मी पुन्हा विचारले की ही आपल्या कंपनीची अधिकृत सूचना समजायची का. ‘हो सर, तशी नोंद करतो,’ असे म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि काही वेळाने तक्रारीचे निराकरण झाल्याचा संदेश आला. म्हणजे सदोष ड्रायव्हर आपण बनवायचा आणि रियाज मी करायचा, तोही पुढच्या क्षणी काय वाजवायचे आहे हे २७ मिलिसेकंद आधी ओळखण्याचा. ही विद्या आपल्या माहितीपुस्तिकेत का छापलेली नाही, हे कळू शकेल का?

याआधीच्या एका प्रतिनिधीने डायरेक्ट मॉनिटरिंगचा नॉब फिरवायला सांगितले होते. तो उपाय मला माहीत आहे, आणि तो अपुरा का पडतो हे आपल्याला माहीत असायला हवे. त्यात गिटार संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येते, त्यामुळे विलंब जाणवत नाही. पण अॅम्प्लिफायरचा जो आवाज सॉफ्टवेअर तयार करते, तो वाजवताना ऐकू येत नाही. आणि रेकॉर्ड झालेला ट्रॅक तरीही ९६० सॅम्पल मागेच पडतो, कारण आकडा खोटाच राहतो. मला कानांची समजूत घालायची नाही, ट्रॅक जागेवर हवा आहे.

खोक्यावर ‘अत्यल्प लेटन्सी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. आपली उपकरणे चांगली असतात अशी माझी समजूत होती. गिटारसाठीचे हाय-झेड (उच्च रोधाचे) इनपुट खरोखरच उत्तम आहे, आणि म्हणूनच अधिक वाईट वाटते. इतके चांगले इनपुट बनवणाऱ्या कंपनीला ड्रायव्हरमध्ये खरा आकडा लिहिता येऊ नये आणि ग्राहकाला ‘थोडे आधी वाजवा’ असे सांगण्याची वेळ यावी?

माझ्या मागण्या साध्या आहेत. जुना ड्रायव्हर संकेतस्थळावर पुन्हा उपलब्ध करून द्यावा, किंवा नव्या ड्रायव्हरमधला दडवलेला बफर काढून खरी लेटन्सी सांगणारी आवृत्ती द्यावी. हे दोन्ही जमत नसेल तर उपकरण परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. सवलतीचे कूपन पाठवू नये. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिच्यावर तांत्रिक विभागातील, बफर म्हणजे काय हे जाणणाऱ्या व्यक्तीने लेखी उत्तर द्यावे. पुन्हा दूरध्वनी करू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करीन, आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपल्या मुख्यालयाच्या शहरी मला यावे लागणार नाही. आपल्याला मात्र इकडे यावे लागेल. लूपबॅक चाचणीच्या, म्हणजे आउटपुट इनपुटला जोडून घेतलेल्या त्या मापांच्या, ध्वनिफिती आणि त्यांच्या आलेखांची चित्रे सोबत जोडली आहेत. त्या शेवटच्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे असणारच, कारण ‘गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे’ असे सुरुवातीला ऐकवले गेले होते. ते जपून ठेवावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक
डिचोली, गोवा

सोबत : खरेदीची पावती, बंद केलेल्या तक्रारीची प्रत, चाचणीच्या ध्वनिफिती व चित्रे