रात्रभर चालू राहिलेल्या संगणकाविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात एका मध्यरात्री पंख्याचा आवाज ऐकून मी तुझ्या खोलीचे दार उघडले, तेव्हा तू गाढ झोपली होतीस आणि पडद्यावरच्या काळ्या चौकटीत हिरव्या अक्षरांच्या ओळी एकामागून एक सरकत होत्या. सकाळी मी विचारले, तेव्हा तू काहीही लपवले नाहीस, आणि हे मला फार मोलाचे वाटते. "संगणक रात्री रिकामाच असतो, तो मायनिंग करतो, त्याचे मला गेममधले कॉइन मिळतात, म्हणजे फुकटच की," असे तू म्हणालीस. मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही, कारण या विषयातले मला पुरते ठाऊक नव्हते. तुझ्या संमतीने मी ते तसेच चालू राहू दिले, सॉकेटला वीज मोजणारा मीटर लावला आणि जमेल तेवढे वाचत गेले. अकराव्या दिवशी मला एक गोष्ट कळली आणि मी सारे थांबवले. तू रागावलीस, आपण दोघीही चढ्या आवाजात बोललो, आणि म्हणून जे शांतपणे सांगायचे होते ते आता लिहून कळवत आहे.

आधी रोज रात्रीच्या त्या नऊ तासांत संगणक नेमके काय करत होता ते पाहू. क्रिप्टोचलनाचे व्यवहार ज्या वहीत नोंदले जातात ती जगभरच्या असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते, आणि तिला नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडण्याचा मान कोणाला मिळावा हे एका कोड्याने ठरते. हे कोडे हुशारीने सुटत नाही. पानावरच्या मजकुराला एक आकडा जोडायचा, त्या सगळ्याचा हॅश, म्हणजे ठरलेल्या गणिताने निघणारी एक लांबलचक संख्या, काढायचा, तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली आला नाही तर आकडा बदलून पुन्हा काढायचा, एवढे एकच काम यंत्र अखंड करत राहते. ज्याला आधी साधते त्याला नवी नाणी मिळतात, आणि यालाच मायनिंग म्हणतात. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या व्यक्तीने 3 जानेवारी 2009 रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार केला तेव्हा बक्षीस 50 बिटकॉइनचे होते आणि साध्या घरगुती संगणकाचा प्रोसेसर या कामाला पुरत असे. दर 2,016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोडे असे अवघड किंवा सोपे केले जाते की जगात कितीही यंत्रे कामाला लागली तरी सरासरी दहा मिनिटांनी एकच ब्लॉक जोडला जावा. हा नियम तू नीट समजून घ्यावास असे मला वाटते, कारण बाकीचे सारे त्यातूनच येते. यंत्रे वाढली म्हणून वाटायची नाणी वाढत नाहीत, प्रत्येकाचा वाटा तेवढा लहान होतो. 2013 पासून केवळ हेच एक गणित करणाऱ्या चिप बाजारात आल्या आणि घरचा संगणक बिटकॉइनच्या शर्यतीतून कायमचा बाहेर पडला.

तू ज्या व्हिडिओवरून हे शिकलीस तो मी पूर्ण पाहिला. त्यातला मुलगा खोटे बोलत नव्हता, पण तो व्हिडिओ 2021 सालचा आहे. तेव्हा इथेरियम हे चलन ग्राफिक्स कार्डवर, म्हणजे संगणकातल्या चित्रे रंगवणाऱ्या भागावर, मिळवता येत असे आणि त्याचा भाव इतका चढलेला होता की गेम खेळण्यासाठी घेतलेल्या कार्डातून विजेचा खर्च वजा जाऊनही काही हाती उरत असे. कार्डांचा इतका तुटवडा झाला की एनव्हिडिया कंपनीने फेब्रुवारी 2021 मध्ये आणलेल्या आरटीएक्स 3060 या कार्डावर इथेरियम काढण्याचा वेग मुद्दाम निम्म्यावर आणला, म्हणजे खेळणाऱ्यांना ती मिळतील. पुढे 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने ही कोड्याची पद्धतच सोडून दिली. आता तिथे ब्लॉक जोडण्याचा अधिकार चलन तारण ठेवणाऱ्यांकडे असतो, आणि त्या जाळ्याचा विजेचा वापर 99 टक्क्यांहून अधिक घटला. त्या दिवशी जगभरातली कार्डे बेकार झाली आणि त्यांतली बरीच उरलेल्या लहान चलनांकडे वळली. अवघड होण्याचा नियम तिथेही असल्यामुळे प्रत्येकाचा वाटा आटला. त्या मुलाच्या आकड्यांवर तू तुझा हिशेब बांधलास, पण ते आकडे ज्या दिवसांचे होते ते दिवस उरलेले नाहीत.

एकटा घरगुती संगणक अशा कोड्यामागे लागला तर वर्षानुवर्षे हाती काही न येण्याचीच शक्यता अधिक. म्हणून हजारो जण मिळून पूल करतात आणि ज्याने जेवढे कष्ट केले त्या प्रमाणात बक्षीस वाटून घेतात. तुझ्या बाबतीत साखळी आणखी लांब आहे. पूल आपले कमिशन घेतो, तुला प्रोग्रॅम देणारी सेवा आपला हिस्सा कापते, उरलेल्याचे ती स्वतःच्या दराने गुण करते, आणि त्या गुणांचे शेवटी गेममधले कॉइन होतात. हा हिस्सा नेहमी किरकोळ असतो असे समजू नकोस. संकेतस्थळांवर येणाऱ्यांच्या संगणकाकडून मोनेरो हे चलन काढून घेणारी कॉइनहाइव्ह ही सेवा 2017 ते 2019 या काळात चालली, तेव्हा ती 30 टक्के स्वतःकडे ठेवत असे. नॉर्टनसारख्या अँटीव्हायरस बनवणाऱ्या कंपनीने 2021 मध्ये इथेरियम मायनिंगची सोय दिली, तेव्हा तिने 15 टक्के घेतले. या दोघांनी निदान आकडा उघड सांगितला होता. तुझ्या सेवेच्या अटी मी दोनदा वाचल्या आणि मला तो कुठेही सापडला नाही.

आता मीटरचे सांगते. संगणक नुसता चालू असताना 70 वॅटच्या आसपास आणि मायनिंग चालू असताना 250 वॅट दिसत होते. तू म्हणशील की फरक 180 वॅटचाच धरावा. दिवसा तू संगणकावर काही काम करत असतीस तर ते योग्य ठरले असते, परंतु रात्री आपला संगणक एरवी पूर्ण बंद असतो, म्हणून सगळे 250 वॅट या एकाच कामाच्या नावावर लिहावे लागतात. नऊ तासांचे सव्वादोन युनिट होतात, आणि अकरा रात्रींचे पावणेपंचवीस. एवढ्या विजेवर दहा वॅटचा एक दिवा शंभर दिवसांहून अधिक काळ अहोरात्र जळला असता. त्या अकरा रात्रींत तुझ्या खात्यात जमलेल्या गुणांचे जेवढे कॉइन झाले असते, तेवढेच कॉइन गेमच्या अधिकृत दुकानातून सरळ विकत घेतले असते तर या विजेच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला असता. मी हा हिशेब तीनदा केला, कारण तो चुकावा अशी माझी मनापासून इच्छा होती. तुला त्याचा उत्साह होता आणि तो मोडण्याचे कारण मला हवे होते असे अजिबात नाही.

पैशाशिवाय आणखी एक खर्च होतो, आणि तो मीटरवर दिसत नाही. संगणकाने घेतलेली जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पसरते, आणि तू त्या खोलीत झोपतेस. सकाळी उठल्यावर डोके जड असते अशी तुझी तक्रार याच दिवसांतली आहे. कारण तेच असेल असे मी ठामपणे म्हणत नाही, पण उकाडा आणि पंख्याचा घरघराट यांत कोणाचीही झोप नीट होत नाही. कार्डाचेही तसेच. गेम खेळताना त्यावरचा ताण चढतो-उतरतो, मायनिंगमध्ये तो तासन्‌तास एकसारखा राहतो. झिजणारे भाग म्हणजे पंखे आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट, आणि दोन्ही बदलता येतात, त्यामुळे त्याची मला फारशी चिंता नाही.

ज्याच्यासाठी हे सारे केलेस त्या कॉइनविषयीही बोलायला हवे. डिसेंबर 2018 मध्ये रेझर या गेमिंगची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने सॉफ्टमायनर नावाचा प्रोग्रॅम आणला होता. खेळणाऱ्यांच्या रिकाम्या ग्राफिक्स कार्डावर तो चालायचा आणि मोबदला रेझर सिल्व्हर नावाच्या गुणांत मिळायचा, जे तिच्याच बक्षिसांसाठी खर्चता येत. म्हणजे तुझी कल्पना नवीन नाही. तिच्यातली अडचणही जुनीच आहे. मजुरी ज्या नाण्यात मिळते ते नाणे मालकच पाडतो, त्याचा दर तोच ठरवतो आणि ते चालते फक्त त्याच्याच दुकानात. बहुतेक मोठ्या गेमच्या अटींत स्पष्ट लिहिलेले असते की गेममधले चलन ही तुमची मालमत्ता नसून वापरण्याची परवानगी आहे, आणि ती काढून घेता येते. तुझा संगणक जी वस्तू बनवत होता तिला बाहेर खरा बाजारभाव होता, आणि तुला मिळत होते ते गेमच्या बाहेर कवडीमोल होते. ही अदलाबदल तू डोळे उघडे ठेवून केली असतीस तर मी तिला तुझी निवड म्हटले असते. गेममधला तो पोशाख तुला किती हवा आहे हे मला ठाऊक आहे, आणि तसे हवेसे वाटण्यात मला काही गैर दिसत नाही.

आता अकराव्या दिवसाची गोष्ट. त्या दिवशी मी अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये गेले आणि त्या प्रोग्रॅमचे पूर्ण फोल्डर तपासणीतून वगळलेले मला आढळले. तू सांगितलेस की त्यांच्या सूचनांतच तसे लिहिले होते. हे खरे आहे की अँटीव्हायरस प्रामाणिक मायनरलाही, म्हणजे मायनिंग करणाऱ्या प्रोग्रॅमलाही, अडवतात, कारण चोरून बसवलेला आणि मालकाने राजीखुशीने बसवलेला मायनर यांची कामाची रीत एकच असते, आणि म्हणून प्रामाणिक सेवाही अशी सूट मागतात. परंतु सूट दिल्यावर त्या फोल्डरमध्ये उद्या अद्ययावतीकरणाच्या नावाखाली काय येऊन पडेल हे पाहणारे कोणीच उरत नाही. याच संगणकावर माझी बँकेची कामे होतात, तुझ्या शाळेचे लिखाण आहे आणि आजोबांच्या सगळ्या छायाचित्रांची एकमेव प्रत आहे. मला भीती वाटली, ती याची. त्या दिवशी माझा आवाज चढला तो या भीतीपोटी, कॉइनवरून नव्हे.

ही भीती निराधार नाही. 2013 मध्ये ईएसईए या गेमिंग लीगच्या प्रोग्रॅममध्ये, जो खेळाडूंनी फसवणूक करू नये म्हणून प्रत्येकाच्या संगणकावर बसवलेला असे, तिथल्याच कर्मचाऱ्याने बिटकॉइन मायनर दडवला होता. सुमारे 14,000 संगणक काही दिवस खेळाडूंच्या नकळत राबत राहिले आणि त्यातून निघालेल्या बिटकॉइनची किंमत तेव्हा जेमतेम 3,700 डॉलर होती, तर न्यू जर्सी राज्याशी कंपनीला केलेली तडजोड 10 लाख डॉलरची होती. विश्वासाने बसवलेला प्रोग्रॅमही उलटू शकतो हे त्यातून दिसते. जून 2021 मध्ये अवास्ट कंपनीने क्रॅकोनॉश नावाच्या घातक प्रोग्रॅमची माहिती उघड केली. तो नावाजलेल्या गेमच्या चोरट्या प्रतींतून पसरत होता, संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजकेच प्रोग्रॅम चालतात अशा स्थितीत, सुरू करून अँटीव्हायरसच काढून टाकत होता, आणि मग गुपचूप मोनेरो काढत बसत होता. मोनेरोच निवडण्याचे कारण असे की त्याचे गणित 2019 पासून मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीचे ठेवलेले आहे आणि त्याच्या व्यवहारांचा माग लावणे अवघड असते. सव्वादोन लाखांच्या आसपास संगणक त्याच्या तावडीत सापडले. त्या संगणकांच्या मालकांना फक्त एक गेम पैसे न देता हवा होता.

तू खाते उघडताना "मी 18 वर्षांची आहे" या वाक्यासमोरच्या चौकोनात खूण केलीस, त्याविषयीही लिहिते. उद्या त्या सेवेने तुझे गुण गोठवले, तर तुझी बाजू मांडणारे कोणीतरी मोठे माणूस असायला हवे, आणि खूण करून तू ते माणूस स्वतःहून दूर केलेस. तुझ्या खात्यातले गुण आजही काढता येत नाहीत, कारण किमान मर्यादेला ते अपुरे पडतात. पूर्वी तू एकटीच त्या मर्यादेची वाट पाहत होतीस आणि मला माहीतही नव्हते, हे मला लागले.

प्रोग्रॅम मी काढून टाकला आहे आणि पूर्ण तपासणी करून घेतली आहे. काही सापडले नाही. गेमचा आणि मेलचा पासवर्ड मात्र तू स्वतः बदल, मला तो सांगू नकोस. तुला मायनिंग समजून घ्यायचे असेल तर आपल्या जुन्या लॅपटॉपवरचे सारे पुसून, त्यावर कोणतेही खाते न ठेवता, आपण दोघी मिळून मोनेरोचा एक मायनर बसवू. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, उघड आहे आणि वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचे डिजिटल पाकीट, आपलेच असेल. एक आठवडा दिवसा दोन तास चालवू, नोंदी तू ठेव. त्या वॉलेटचे परवलीचे शब्द कागदावर लिहायचे, त्यांचा फोटो काढायचा नाही. मोठ्या संगणकातल्या कार्डाची वीजमर्यादा कमी केली तर वापर बराच उतरतो आणि वेग त्यामानाने थोडाच घटतो असे मी वाचले आहे. माझा पावणेपंचवीस युनिटांचा हिशेब तेवढ्यापुरता अन्यायाचा ठरत असेल, तर मला ते आकड्यांनी दाखव. मोठ्या संगणकावर ते मोजायचे असेल तेव्हा मला हाक मार, मी शेजारी बसेन.

मीटर तुझ्या टेबलाच्या उजव्या खणात ठेवला आहे. सॉकेटला लावण्यापूर्वी संगणक पूर्ण बंद कर.

तुझी,
आई