समोर सर होते का, एवढंच सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘सरकारी दवाखान्यात शिकाऊ पोरं ऑपरेशन करतात’ अशा तक्रारीची पत्रं आपल्या सदरात अधूनमधून येतात. वर्षभर मीही हेच बोलत फिरत होतो, म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाची कमरेतली गादी सरकली. अर्धं आयुष्य पाठीवर फवारणीचा पंप. आधी डाव्या पायात कळ, मग पाऊल उचलेना. आम्ही चार महिने लेप आणि चोळणाऱ्यांत घालवले. एका रात्री लघवी अडली, तेव्हा कुठे गाडी करून वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. लघवी अडली म्हणजे खालच्या नसांचा जुडगा दबला, आता उशीर करून चालत नाही, हे तिथे कळलं.

रात्री दोनला मिसरूड फुटल्यासारखा दिसणारा एक डॉक्टर इंग्रजी कागद घेऊन आला. पेनाने फुली मारलेल्या जागी मी सही केली. भावाने पडल्या पडल्या विचारलं, “काऊन जी, तुमीच कापसान का मले?” पोरगा हसला आणि म्हणाला, “सर आहेत ना.” सर होते की नव्हते, मला आजतागायत माहीत नाही.

पुढे जखमेत पू झाला, पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. गावाने निकाल देऊन टाकला: पोट्ट्यानं बिघडवलं. मीही मान डोलावली. भावाची साखर वाढलेली होती आणि वॉर्डातल्या गादीखाली खर्र्याची पुडी सापडली होती, हे मी पारावर कधी सांगितलं नाही. मणक्याच्या जखमेत पू नावाजलेल्या सर्जनकडेही होतो. साखर आणि तंबाखू असली की जास्तच.

या विषयावर परदेशात हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून झाल्या आहेत. निवासी डॉक्टर, म्हणजे हाच शिकाऊ डॉक्टर, सोबत असला की मणक्याच्या शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो, काही ठिकाणी रुग्णालयातला मुक्कामही लांबतो. पण मृत्यू आणि गंभीर गुंतागुंतीत बहुतेक अभ्यासांना मोठा फरक दिसला नाही. मात्र हे आकडे बहुतांशी अमेरिकेतले. तिथे महत्त्वाच्या टप्प्यांना वरिष्ठ सर्जन हजर असावाच लागतो. आपल्याकडे रात्री दोनला तो असतो का, यावर सगळं आहे. शिकाऊ हात असणं वेगळं आणि एकटा हात असणं वेगळं.

‘आमच्यावर शिकू नका’ हे म्हणणंही मला आता पटत नाही. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे सरकारी महाविद्यालयं झाली, सेवाग्रामला तर कस्तुरबा हेल्थ सोसायटीचं 1969 पासून आहे. तिथली पोरं शिकली नाहीत तर मेळघाटातल्या नाहीतर झरीच्या माणसाने दर वेळी नागपूरच गाठायचं का? आणि पैसेवाले खासगीत ज्याच्याकडे जातात तो सर्जनही आपल्यासारख्याच कोणाच्या तरी पाठीवर शिकलेला असतो. हे कोणी बोलत नाही, ते एक असो.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती तीच खरी. इंग्रजी कागदावरच्या फुलीला काय म्हणावं? संमतीपत्र मराठीत हवं, आणि त्यात दोन ओळी हव्यात: चाकू कोण धरणार आणि त्या वेळी टेबलाशी वरिष्ठ कोण असणार. नंतर डिस्चार्ज कार्डावर तेच पुन्हा लिहावं, म्हणजे ताळा बसेल. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काम करावं लागतं. तिथे तर हे आधी सुरू व्हावं.

भावाची लघवी सुटली, पाऊल मात्र अजून ओढतं. ते चार महिने आमचे होते, डॉक्टरचे नव्हते. दुसऱ्या वेळचे टाके त्याच पोराने काढले. मागच्या तपासणीला भावाने त्याच्यासाठी पिशवीभर तुरीच्या शेंगा नेल्या, तर त्याची बदली दुसऱ्या युनिटला झालेली.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ