न्यूरेंबर्गचे दोन दिवस: जर्मनीतल्या विद्यार्थी-सहली कुठे अडतात?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी प्रवेश, व्हिसा, शिष्यवृत्ती यांवर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून येते. तिथे पोचल्यावर मात्र पहिल्या एक-दोन महिन्यांतच आठ-दहा जण जमतात आणि शनिवार-रविवार धरून एखादे शहर बघायला निघतात, त्या सहलीबद्दल कुणीच काही लिहीत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या बँक खात्यातून, महिन्याला ९९२ युरो हातात येतात. खोलीचे भाडे आणि आरोग्यविमा वजा केला की जे उरते, त्यातूनच ही सहल करायची असते. तिकिटाची एक चूक झाली की ६० युरो दंड, म्हणजे दीड-दोन आठवड्यांचा किराणा गेला. उदाहरण म्हणून आम्ही न्यूरेंबर्ग घेतो. म्युनिकहून ते जवळ आहे, दोन दिवसांत पायी बघून होते, आणि तिथे जे बघायचे त्यासाठी थोडी तयारी लागते. रेल्वेचे आणि रविवारचे नियम बाकीच्या शहरांनाही जवळपास हेच.

आधी एक आग्रह. शनिवारी न्यूरेंबर्ग, रविवारी प्राग आणि येताना वाटेत बामबर्ग, असले बेत करू नयेत. अशा सहलीत निम्मा वेळ फलाटावर जातो. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली. त्यामुळे प्रागहून परतताना गाडीत पोलीस चढले आणि पासपोर्ट हॉस्टेलवर राहिलेला असला, तर सगळा गट खोळंबतो. ज्यांचे रेसिडेन्स परमिटचे कार्ड अजून हातात आलेले नाही, त्यांनी तर जर्मनीची सीमा ओलांडूच नये. फ्रान्स, नेदरलँड्स किंवा चेक प्रजासत्ताकात शिकणाऱ्यांना तिथल्या रेसिडेन्स परमिटवर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत जर्मनीत फिरता येते. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यार्थ्यांचे तसे नाही. ते देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत, म्हणून भारतीय पासपोर्टवर दोन दिवसांसाठीसुद्धा वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागतो, आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. विमानाचे स्वस्त तिकीट दिसले म्हणून आधी ते काढायचे आणि व्हिसाची आठवण नंतर व्हायची, हे फार वेळा होते.

आता रेल्वेचे तिकीट. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जर्मनीत प्रादेशिक गाड्या (आरई, आरबी आणि एस-बान ही उपनगरी गाडी) आणि लांब पल्ल्याच्या गाड्या (आयसीई, आयसी) यांची तिकिटे वेगळी असतात. डॉइचलांडटिकेट हे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. ते देशभर चालते, पण फक्त प्रादेशिक गाड्यांत आणि शहरांतल्या बस, ट्राम, मेट्रोत. अनेक विद्यापीठांत सेमिस्टर फीबरोबरच त्याची विद्यार्थी आवृत्ती मिळते, ती मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत. हे तिकीट महिन्याची वर्गणी असते. बंद करायचे तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावे लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. ते एकाच माणसाच्या नावाचे असते, तपासनीस फोटो असलेले ओळखपत्रही मागतो. स्क्रीनशॉट चालत नाही. फोन बंद पडला तर तिकीट नाही असेच धरतात, म्हणून गटात दोन तरी पॉवर बँक हव्यात.

ज्यांच्याकडे हे तिकीट नाही त्यांच्यासाठी बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट. एकत्र प्रवास करणाऱ्या पाच जणांपर्यंत एकच तिकीट पुरते आणि दर जादा माणसामागे थोडेसेच पैसे वाढतात. म्हणून पाच-पाचचे गट पाडावेत. अकरा जण असतील आणि त्यांतल्या चौघांकडे डॉइचलांडटिकेट असेल, तर त्या चौघांना हिशेबात धरूच नये. उरलेल्या सात जणांची पाच आणि दोन अशी दोन तिकिटे काढावीत. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ नंतरच चालते. शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ३ पर्यंत. शुक्रवारी सकाळी आठच्या गाडीत याच तिकिटावर बसलेले विद्यार्थी दंड भरतात. प्रवाशांची नावे निघण्यापूर्वी तिकिटावर यायलाच हवीत. गाडी सुटल्यावर पेन शोधायला लागू नये, आणि एकाने उतरून त्याच्या जागी दुसऱ्याने चढू नये. तिकीट एका दिवसाचे असते, तेव्हा जाण्याचे आणि येण्याचे वेगळे काढायचे. न्यूरेंबर्गमधली मेट्रो, ट्राम आणि बस मात्र त्यातच येते. बव्हेरियाच्या बाहेरून, म्हणजे स्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट, लाइपझिशहून येणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांनी देशभर चालणारे ‘क्वेअर-डुर्ख्स-लांट’ तिकीट बघावे. तेही पाच जणांचेच, आणि प्रादेशिक गाड्यांपुरतेच.

गाडीला उशीर झाला म्हणून बायर्न-टिकेटवर आयसीईत बसायची परवानगी मिळत नाही. लोकांचा इथे गोंधळ होतो, कारण लांब पल्ल्याच्या स्वस्त तिकिटाचा नियम वेगळा आहे. ते तिकीट ठरावीक गाडीला बांधलेले असते, पण मुक्कामी पोचायला २० मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असे दिसले की ते बंधन सुटते आणि दुसरी गाडी घेता येते. तासाभराच्या उशिराला भाड्याचा पाव भाग परत मिळतो, दोन तासांच्या उशिराला निम्मा.

म्युनिकहून न्यूरेंबर्गला इंगोलश्टाटमार्गे जाणारी प्रादेशिक गाडी पावणेदोन तासांच्या आसपास घेते, आयसीई तासाभरात पोचवते. आठ-दहा जणांच्या गटाला त्या पाऊण तासासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. दोन गोष्टी मात्र बघाव्यात. पहिली, वाटेत दुभंगणाऱ्या गाड्या. काही प्रादेशिक गाड्यांचे पुढचे डबे एका गावाला जातात आणि मागचे दुसऱ्या. घोषणा बहुधा फक्त जर्मनमध्ये होते. ‘त्सुगटाइल’ (गाडीचा भाग) हा शब्द कानावर पडला की दारावरचे किंवा डब्यातल्या पडद्यावरचे गावाचे नाव वाचावे, आणि गटाने एकाच डब्यात बसावे. दुसरी गोष्ट रुळांच्या कामांची. ती हटकून शनिवार-रविवारी काढतात. अशा वेळी ‘एसईव्ही’ नावाची बदली बस असते, पण ती स्टेशनच्या मुख्य दारापाशीच उभी असेल असे नाही. गाड्या आदल्या रात्री अ‍ॅपवर पुन्हा तपासाव्यात, आणि गाडी बदलायला किमान २० मिनिटे ठेवावीत. अ‍ॅप सहा मिनिटांचा बदल सुचवते, तो एकट्यादुकट्याला जमतो, दहा जणांना नाही.

राहायला न्यूरेंबर्गचे युवा वसतिगृह उत्तम. ते किल्ल्याला लागून असलेल्या ‘कायझरश्टालुंग’मध्ये आहे. १४९५ च्या सुमारास धान्याचे कोठार म्हणून बांधलेली ही इमारत. तिथे राहायला युवा वसतिगृह संघटनेचे सदस्यत्व लागते. स्टेशनपासून सगळी चढण, आणि तीही दगडी फरसबंदीवरून. चाकांची बॅग आणली तर हात दुखतात, पाठीवरची सॅक बरी. चेक-इनच्या वेळी भारतीय विद्यार्थ्यांना नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो आणि ओळखपत्र दाखवावे लागते. २०२५ पासून जर्मन नागरिकांना ही नोंदणी माफ झाली, परदेशी नागरिकांना नाही. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. डिसेंबरचा विचार असेल तर खोल्या काही महिने आधीच धराव्यात, कारण अॅडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या) पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी नाताळबाजार सुरू होतो आणि २४ डिसेंबरपर्यंत सगळे शहर भरलेले असते.

शनिवार जुन्या गावासाठी ठेवावा. दुपारी बाराच्या दहा मिनिटे आधी हाउप्टमार्क्ट चौकात फ्राउएनकिर्खेसमोर उभे राहावे. चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ सालचे घड्याळ आहे. बाराच्या ठोक्यानंतर त्याच्या पोटातून सात राजपुरुष बाहेर येतात आणि मध्ये बसलेल्या सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती तीनदा फिरतात. सम्राट कुणी निवडायचा हे ठरवणाऱ्या १३५६ च्या ‘सुवर्ण फर्माना’ची ही आठवण. मग वर किल्ल्यावर. तिथली खोल विहीर चुकवू नये. पन्नास मीटरच्या आसपास खोल आहे ती. मार्गदर्शक वरून पाणी ओततो आणि सगळे कान देऊन थांबतात. आवाज यायला इतका वेळ लागतो की खडकात ती हातांनी खोदणाऱ्यांचे कष्ट सांगावे लागत नाहीत. हिवाळ्यात किल्ला दुपारी चारलाच बंद होतो. आणखी एक गोष्ट ठाऊक असावी: २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे जुने गाव जवळजवळ सगळे पडले. आज जुने दिसते त्यातले पुष्कळ पुन्हा उभारलेले आहे.

खाण्याचे थोडक्यात. इथली प्रसिद्ध ब्राटवुर्स्ट (भाजलेले सॉसेज) बोटाएवढी असते, ७ ते ९ सेंटिमीटर, आणि डुकराच्या मांसाची. पावात तीन घालून देतात. शाकाहारी असणाऱ्यांनी नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण बटाट्याच्या सॅलडमध्येही अनेकदा मांसाचा रस्सा किंवा स्पेकचे (खारवलेल्या डुकराच्या चरबीचे) तुकडे असतात. ‘ओने फ्लाइश, ओने फिश, ओने ब्रुए’ (मांस, मासे, रस्सा यांशिवाय) असे तिन्ही सांगावे. लेबकुखेन या मसालेदार बिस्किटांत बहुधा अंडे असते. शनिवारी संध्याकाळी आठच्या आत रविवारचा शिधा घेऊन ठेवावा. रविवारी दुकाने बंद, आणि बव्हेरियात हे फार कडकपणे पाळतात. उघडे राहते ते स्टेशनमधले दुकान आणि सकाळी काही तास बेकरी. थोडे रोख पैसे आणि सुट्टी नाणी जवळ हवीत, सामानाच्या लॉकरसाठी आणि स्वच्छतागृहासाठी. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नयेत, बहुतेकींवर २५ सेंट परत मिळतात.

रविवारची सकाळ ‘कक्ष ६००’ साठी, म्हणजे नाझी नेत्यांवर खटला चालला त्या न्यायालयातल्या खोलीसाठी. हे न्यायालय मंगळवारी बंद असते, रविवारी उघडे. मेट्रोची यू-१ फ्युर्टच्या दिशेने घ्यावी आणि ‘बेअरेनशान्त्से’ला उतरावे. जर्मनीतली पहिली आगगाडी ७ डिसेंबर १८३५ ला धावली ती याच मार्गाने. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात या खोलीत नाझी नेत्यांवर खटला चालला. न्यूरेंबर्ग निवडले कारण न्यायालयाची इमारत बऱ्यापैकी शाबूत होती आणि तुरुंग तिला लागूनच होता. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत कामकाज एकाच वेळी चाले. छायाचित्रांत दिसते त्यापेक्षा खोली लहान वाटते, कारण पत्रकारांसाठी पाडलेली मागची भिंत नंतर पुन्हा बांधली. आरोपींना कोठडीतून वर आणणाऱ्या लिफ्टचे दार मात्र तिथेच आहे. आधी वरच्या मजल्यावरचे प्रदर्शन बघावे आणि मग खोलीत येऊन बसावे. उलट केले तर खोलीत बघण्यासारखे फक्त बाक उरतात. दोन तास तरी द्यावेत. विद्यार्थी ओळखपत्राने तिकिटात सवलत मिळते.

दुपारी ट्रामने ‘डोकू-त्सेंट्रुम’ थांब्याला जावे. १९३३ ते १९३८ पर्यंत नाझी पक्षाचे मेळावे भरत ते मैदान हे. त्सेपेलिन मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर कुणीही चढू शकते, तिकीट नाही. म्हणूनच इथे कसे वागायचे ते आधी बोलून ठेवावे. गंमत म्हणून नाझी सलामीसारखा हात पुढे करून फोटो काढणे हा जर्मनीत गुन्हा आहे. नाझी चिन्हे आणि सलामी यांना मनाई करणाऱ्या दंडविधानाच्या कलम ८६अ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला असा गुन्हा किती महागात पडेल, हे सांगायला नको. आपल्याकडच्या मुलांसाठी दुसरी गोष्ट स्वस्तिकाची. धार्मिक स्वस्तिकासाठी हा कायदा केलेला नाही. तरी गळ्यातले पदक, हातावरची मेंदी किंवा मोबाइलच्या कव्हरवरचे चिन्ह बघणाऱ्याला त्या मैदानावर त्याचा अर्थ कसा कळणार? ज्यांच्या घरातली माणसे त्या चिन्हाखाली मारली गेली, तेही तिथे येतात. त्या दिवसापुरते ते शर्टाच्या आत ठेवावे किंवा खोलीवर काढून यावे, यात आपल्या श्रद्धेला काही उणेपणा येत नाही.

परतताना शेवटची प्रादेशिक गाडी धरू नये, तिच्या आधीची धरावी. शेवटची रद्द झाली तर रात्र फलाटावर काढावी लागते, नाहीतर आयसीईचे पूर्ण भाडे भरावे लागते. दवाखान्याचे काम निघाले तर विम्याचे कार्ड जवळ असू द्यावे. तातडीला ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असल्यास ११६११७.

आपले,
जर्मनीत विद्यार्थ्यांच्या सहली आखणारे काही वाचक