बिनटाक्याच्या ऑपरेशनच्या बातमीत अवजार कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात अधूनमधून बातमी येते की अमुक वयाच्या पेशंटवर बिनटाक्याची हृदयशस्त्रक्रिया यशस्वी, सोबत डॉक्टरांच्या टीमचा फोटो, पेशंटला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं वगैरे. वाचून मला मनापासून बरं वाटतं कारण मी स्वतः गेली सतरा वर्षं कॅथलॅबमध्ये (शिरेतून नळी घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत) टेक्निशियन आहे आणि अशी केस नीट पार पडली की आमचा पण दिवस चांगला जातो. पण एक गोष्ट दर वेळी खटकते म्हणून आज लिहायला बसलो. त्या बातमीत अवजार कधीच नसतं. मनगटातून किंवा मांडीतून जी वायर आत गेली, जो फुगा फुगवला, जी जाळी बसवली, ती कोणाच्या डोक्यातून आली, आधी काय होतं आणि ते का बदलावं लागलं, याची एक ओळ पण नाही. जणू ही सगळी अवजारं आधीपासूनच कपाटात होती.

पायातल्या रक्तवाहिनीत अचानक रक्ताची गाठ अडकते त्याचंच घ्या. पन्नासच्या दशकापर्यंत यावर इलाज म्हणजे भूल देऊन पायावर लांबच लांब छेद घ्यायचा, शीर उघडायची आणि गाठ काढायची, तासन् तास चालायचं ऑपरेशन, आणि एवढं करून अनेकांचा पाय जायचा, अनेकांचा जीव जायचा. हे सगळं अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका हॉस्पिटलमध्ये एक मुलगा बघत होता, थॉमस फोगर्टी. वडील लहानपणीच गेलेले, शाळेत असतानाच कामाला लागला, आधी अवजारं साफ करायचं काम, मग ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात अवजारं द्यायचं काम. म्हणजे आमच्यासारखाच माणूस हो! तिथले सर्जन डॉ. क्रॅनली यांनी त्याला आधार दिला, त्याला डॉक्टर व्हायला लावलं, आणि त्याच्या डोक्यात एकच प्रश्न बसला की गाठीपर्यंत पोचायला अख्खा पाय का उघडायचा, छोट्या छेदातून बारीक नळी गाठीच्या पलीकडे नेली, टोकाला फुगा असला, तो पलीकडे गेल्यावर फुगवला आणि हळूच मागं ओढला तर गाठ त्याच्याबरोबर बाहेर का येणार नाही?

कल्पना साधी पण बनवायची कशी? नळी म्हणून त्यानं लघवीच्या मार्गासाठी वापरतात ती बारीक कॅथेटर घेतली, फुगा म्हणून सर्जिकल ग्लोव्हच्या बोटाचं टोक कापून घेतलं. आता ही दोन मटेरियल्स एकमेकांना चिकटेनात, त्या काळात त्यासाठी गम नव्हता. पोराला लहानपणापासून मासेमारीचा नाद, गळाला लावायची खोटी माशी बारीक दोऱ्यानं बांधायची सवय हातात होती, त्याच गाठी त्यानं इथं मारल्या. १९६१ मध्ये ही कॅथेटर पहिल्यांदा पेशंटमध्ये वापरली गेली. कंपन्या ती बनवायला तयार नव्हत्या, मग पुढे ऑरेगॉनमध्ये सर्जरी शिकताना तिथले हृदयाचे सर्जन डॉ. अल्बर्ट स्टार यांनी मध्यस्थी केली आणि लोवेल एडवर्ड्स या इंजिनिअरच्या कंपनीनं ती बनवायला घेतली. (हे एडवर्ड्स मूळचे पंप आणि पाण्याच्या दाबाच्या यंत्रांतले, स्टार यांच्याकडे आले होते अख्खं कृत्रिम हृदय बनवायचं म्हणून, स्टार म्हणाले आधी एक झडप बनवू, आणि १९६० मध्ये ती झडप पेशंटला बसली पण.) आज साठ वर्षं उलटून गेली तरी गाठ काढायला फोगर्टी कॅथेटर लागतेच आणि आमच्याकडे तिला नुसतं 'फोगर्टी' म्हणतात, 'फोगर्टी द्या' एवढंच. पण हा एक माणूस होता हे आमच्यातल्या किती नवीन मुलांना माहीत असेल?

आणखी एक गंमत मला फार आवडते. त्याच्या आधी १९२९ मध्ये जर्मनीत फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरनं स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि चालत एक्सरेच्या खोलीत जाऊन फोटो काढला, ती पण लघवीच्या मार्गाचीच कॅथेटर होती. निर्जंतुक अवजारांच्या कपाटाची चावी नर्सकडे होती, तिला राजी केल्याशिवाय हा प्रयोग झालाच नसता. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. दोघांच्याही कामासाठी म्हणून अशी नळीच अस्तित्वात नव्हती, फोर्समान आणि फोगर्टी दोघांनीही दुसऱ्या विभागाची उसनी घेतली. ज्याला कपाटात काय काय आहे हे माहीत असतं त्यालाच हे सुचतं असं मला वाटतं.

आता फुगा म्हटला की सगळे एकच असं लोकांना वाटतं, पण तसं नाहीये आणि शोधाची खरी गोष्ट इथंच आहे. फोगर्टीचा फुगा लॅटेक्सचा, मऊ. गाठ ओढून काढायला तो उत्तम, कारण आजूबाजूच्या भिंतीला जुळवून घेतो (जास्त फुगवला तर मात्र शिरेचं आतलं अस्तर खरवडतो, म्हणून हात हलका लागतो). पण कडक झालेलं जुनं ब्लॉकेज उघडायला तो उपयोगाचा नाही. लॅटेक्स जिकडे विरोध कमी तिकडे फुगतं, म्हणजे ब्लॉकेजच्या दोन्ही बाजूंना फुगतो आणि मधे तसाच चिमटलेला राहतो, डमरूसारखा. पुढे १९६४ मध्ये डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टनं पायाची शीर आतून उघडून दाखवली होती. ८२ वर्षांच्या बाई, बोटं काळी पडलेली, पाय कापायला नकार दिलेला, आणि यांनी एकात एक बसणाऱ्या नळ्या सरकवून रस्ता मोकळा केला, पाय वाचला, त्या पुढे स्वतःच्या पायानं चालल्या. पण नळ्यांची भानगड अशी की शीर जेवढी उघडायची तेवढीच जाड नळी बाहेरून आत घालावी लागते. हृदयाच्या शिरेत ते कसं जमणार?

हा पेच झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी सोडवला आणि कुठे, तर घरच्या किचनमध्ये टेबलावर, असिस्टंट, तिचा नवरा, स्वतःची बायको सगळे मिळून रात्री नळ्या कापताहेत, फुगे तापवताहेत. त्यांना असा फुगा हवा होता की जो ठरलेल्या मापापर्यंतच फुगेल, त्यापुढे प्रेशर वाढवलं तरी जाडी वाढणार नाही, सगळा जोर ब्लॉकेजवर पडेल. रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्रोफेसरांनी पीव्हीसी सुचवलं आणि ते जमलं. १९७४ मध्ये पायाच्या शिरेत, आणि १६ सप्टेंबर १९७७ ला जागेपणी, भूल न देता ३८ वर्षांच्या माणसाच्या हृदयाच्या शिरेत. आज अँजिओप्लास्टी करताना स्क्रीनवर फुग्याला आधी कंबर दिसते, मी प्रेशर मोठ्यानं वाचत असतो, आठ, दहा, बारा, आणि एका क्षणी ती कंबर जाते. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी श्वास थांबतो माझा, आणि दर वेळी ते किचनचं टेबल आठवतं.

पुढचं सगळं मोठं आहे, थोडक्यात सांगतो. नुसत्या फुग्यानं उघडलेली शीर पुष्कळांची पुन्हा आवळायची म्हणून १९८६ मध्ये हृदयात जाळी म्हणजे स्टेंट आला, मग जाळीवर औषध आलं. निकेल आणि टायटॅनियमचा नितिनॉल हा धातू अमेरिकन नौदलाच्या लॅबमध्ये सापडला आणि तो शिरांच्या कामाला आला, गार करून बारीक नळीत दाबून भरा, शरीराच्या उबेनं तो आपला मूळ आकार घेतो. २००२ मध्ये फ्रान्समध्ये रूआँला आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता नळीतून पहिली झडप बसवली, त्याआधी कितीतरी वर्षं हे कधीच शक्य नाही असं तज्ज्ञ त्यांना सांगत होते. सुरुवातीला त्या झडपेला २४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) शीथ म्हणजे मांडीतून आत जाणारी बाहेरची नळी लागायची, म्हणजे साधारण ८ मिलिमीटर, आता १४ फ्रेंचमधून पण जाते, म्हणजे ५ मिलिमीटरच्या आत. वाचताना हे तीन मिलिमीटर किरकोळ वाटतील, पण म्हाताऱ्या माणसाच्या मांडीतली शीर फाटणं आणि न फाटणं यातलं हे अंतर आहे.

नवीन ते सगळं चांगलंच असं मी म्हणत नाही. काम झाल्यावर विरघळून जाणारा स्टेंट आला तेव्हा आम्ही सगळे भारावलो होतो, कल्पनाच इतकी सुंदर. पण त्याच्या काड्या धातूच्या चांगल्या स्टेंटपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड होत्या आणि त्यात गाठी होण्याचं प्रमाण जास्त निघालं. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१७ मध्ये विक्री थांबली. माझ्या मते हे पण पेपरात यायला हवं, बसवलेल्या पेशंटचा वर्षानुवर्षं हिशोब ठेवला म्हणूनच ते कळलं.

आता माझी तक्रार. फुग्यात प्रेशर भरायचं जे यंत्र असतं त्याच्या डायलवरचे आकडे बारीक, आणि प्रोसिजरच्या वेळी स्क्रीन नीट दिसावी म्हणून लाइट कमी केलेले असतात. एका मॉडेलचे आकडे मला आणि माझ्या दोन सहकाऱ्यांना नीट दिसायचेच नाहीत. एकदा मी बारा समजलो ते चौदा होतं, फुगा त्याच्या मर्यादेत होता, काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कंपनीच्या माणसाला सांगितलं, तो हो हो म्हणाला. पुढच्या वर्षी तेच मॉडेल, तेच आकडे. ओली झालेली वायर इतकी निसटते की फिरवायचा टॉर्कर तिच्यावर घसरतो, आम्ही ओला गॉज धरून काम भागवतो. हे पण सांगितलं. कोणी लिहून घेतलं नाही, लिहून घ्यायला फॉर्मच नव्हता. पेशंटला इजा झाली तर रिपोर्ट भरतात, पण इजा होता होता वाचली ते कुठे लिहायचं?

फोगर्टीला अवजार सुचलं कारण तो टेबलाजवळ उभा होता आणि कोणीतरी सर्जन त्याचं ऐकायला तयार होता. आज टेबलाजवळ नर्स, टेक्निशियन, परफ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारे) उभे असतात, रोज दहा बारीक अडचणी बघतात, आणि त्या अडचणी संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याबरोबरच जातात. म्हणून माझी हॉस्पिटलवाल्यांना विनंती आहे की प्रत्येक कॅथलॅबमध्ये आणि ओटीमध्ये एक वही ठेवा, साधी, अवजारांच्या अडचणींची, कोणालाही लिहिता येईल अशी, आणि महिन्यातून एकदा ती बनवणाऱ्यांपर्यंत पोचवा, उत्तर मागा. इंजिनिअरिंगच्या मुलांना चार दिवस आमच्या शेजारी एक्सरेपासून वाचवणारा लेड अ‍ॅप्रन घालून उभं राहू द्या, पेशंटची परवानगी घेऊन, वायर कुठे अडते ते त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या.

आणि तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी अशी बातमी छापताना डॉक्टरांना एक प्रश्न जास्तीचा विचारा, या केसमध्ये कोणतं अवजार नसतं तर छाती किंवा पाय उघडावा लागला असता, आणि ते कोणी बनवलं. दोन ओळी पुरतील. जमलं तर तोच प्रश्न ट्रॉलीवर ते अवजार लावून देणाऱ्या नर्सला पण विचारा.

आपला,
कॅथलॅबमधला एक टेक्निशियन