वकीलसाहेबांविरुद्धच्या तक्रारीविषयी

गिरगाव, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तक्रारीचा विषय निघाला आणि बाबा, तुम्ही "राहू दे, जुना माणूस आहे, गणपतीला आपल्याकडे येतो" एवढेच बोलून फोन आईकडे दिलात. तेव्हा जे बोलता आले नाही ते लिहिते आहे. दोघांनी मिळून वाचा आणि मगच सहीचे ठरवा.

कलमांच्या बागेकडे जाणाऱ्या वाटेचा दावा आपण तालुक्याच्या कोर्टात हरलो, त्याबद्दल वकीलसाहेबांना मी काडीचाही दोष देत नाही. दावा हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे. पण त्यानंतर अपिलासाठी म्हणून त्यांनी तुमच्याकडून 18,000 रुपये घेतले आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे तुम्ही सकाळच्या एसटीने रत्नागिरीला जाऊन कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसत होतात. दुपारी ते बाहेर येऊन "पुढची तारीख पडली" म्हणत, आणि घरी आल्यावर तुम्ही ती कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहून ठेवत होतात. मे महिन्यात मी ती पाने उलटून पाहिली. अकरा तारखा आहेत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोधले, जिल्हा न्यायालयात जाऊन विचारले. तुमच्या नावाचे अपील दाखलच झालेले नाही.

अपिलाची मुदत 30 दिवसांची होती. ती हुकली एवढे जरी त्यांनी खरे सांगितले असते, तरी विलंबमाफीचा, म्हणजे झालेला उशीर माफ करून अपील दाखल करून घ्या असा, अर्ज तेव्हाच करता आला असता, आणि मी आज हे पत्र लिहिले नसते. चूक माणसाकडून होते. सत्तरी ओलांडलेल्या पक्षकाराला अकरा वेळा फुकट हेलपाटा घालायला लावणे ही चूक नव्हे.

आई, वकिलाशी वैर नको असे तू म्हणालीस. हे वैर नाही. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमात कलम 35 आहे ते यासाठीच. आपण प्रतिज्ञेवर लेखी तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेकडे द्यायची. त्यात तथ्य दिसले तर कौन्सिल ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे पाठवते. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्या समितीला असतात. वकीलसाहेबांनाही बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळेल. समिती तक्रार फेटाळू शकते, समज देऊ शकते, काही काळ वकिलीची सनद निलंबित करू शकते किंवा त्यांचे नाव यादीतून कायमचे काढू शकते. निकाल कोणाला मान्य नसेल तर 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. वर्षभरात निर्णय झाला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडेच वर्ग होते, म्हणजे कायद्याने मुदत घातली आहे. तरीही वेळ लागेल, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पैसे परत मिळवण्याचा मार्गही वेगळा आहे. शेजारचे काका ग्राहक आयोगाकडे जा म्हणाले, पण 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिला, त्यामुळे तो रस्ता बंद आहे.

आणि हे तुमचे खासगी भांडणही नाही. 1975 मध्ये आपल्याच राज्याच्या बार कौन्सिलच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितले की शिस्तीच्या प्रकरणात खुद्द कौन्सिललाही अपील करण्याचा अधिकार आहे, कारण व्यवसायाची शुचिता राखणे ही तिची जबाबदारी आहे. त्या बाकावर तुमच्याशेजारी बसणारे, जैतापूर-नाट्याकडून येणारे आणखी कितीजण अशाच तारखा लिहून घेत असतील, हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

माझ्यासाठी हे सोपे नाही, बाबा. मला सनद मिळाली तेव्हा गावात पेढे त्यांनीच वाटले होते. तोच काळा कोट मी रोज अंगावर घालते आणि माझ्यासमोरही तुमच्यासारखीच माणसे निर्धास्तपणे सही करतात. त्यांच्याकडे पाहून मला गप्प बसता येत नाही.

आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, म्हणून कागद महत्त्वाचे. "स्टॅम्प, नकला, टायपिंग" असे लिहून खाली बेरीज केलेली त्यांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी पासबुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात आहे. तिला घडी घालू नका. कालनिर्णयची दोन्ही वर्षे रद्दीत देऊ नका. फी बाकी आहे म्हणून ते फाईल देत नसतील, तर थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच स्पष्ट केले आहे. मात्र तुम्ही वाद घालू नका, मागणीचे पत्र मी पाठवते.

अपिलाचा आणि विलंबमाफीचा अर्ज दुसऱ्या वकीलबाईंनी तयार केला आहे. शनिवारी पहाटे मी राजापूर रोडला उतरेन. तक्रारीचा मसुदा सोबत आणते. बाबा, तो तुम्हाला ओळीने वाचून दाखवेन, आणि त्यातला एखादा शब्द तुम्हाला खोटा किंवा जास्तीचा वाटला तर तो तिथेच खोडू.

तुमची,
बाय